दोन्ही पाय हवेत

आमच्या शहरात द्वारका चौकाजवळ वाल्मीक आहेरांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत त्यांना जेवायला सवड नसते, पण शहरात मैदानी स्पर्धा असली की ते कॅमेरा घेऊन हजर. शर्यत संपते त्या रेषेच्या थोडं पुढे ते उभे राहतात. रेषेपर्यंत माणूस नुसता पळत असतो. जिंकलो की हरलो हे चेहऱ्यावर नंतर उमटतं, असं त्यांचं म्हणणं.

"वाल्मीकदादा, आम्ही रडायला लागलो की बरोब्बर येता तुम्ही," धावणाऱ्या मुली त्यांना चिडवतात.

"हसताना तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता."

गेल्या हिवाळ्यात त्यांनी काढलेला संजना भोयेचा फोटो पेपरात आला. आठशे मीटरमध्ये ती अगदी थोडक्यात दुसरी आली होती. गुडघ्यांवर कोसळलेली, तोंड वेडंवाकडं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. तिची आई भागीबाई पेठकडून दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर आल्या होत्या. फोटो पाहून त्या तडक संजना राहते त्या मुलींच्या वसतिगृहात आल्या. क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर तिथलं थोडंफार मी पाहतो.

"गुरुजी, पोर शिकाया ठेवली व्हती. तुम्ही तिचा जीव काढताय. मी नेते तिला."

संजना मुकाट्यानं पिशवी भरू लागली. मी वाल्मीकना फोन केला. ते लॅपटॉप घेऊन आले.

"मावशी, त्या शर्यतीचे सगळे फोटो आहेत. बघा, मग न्या."

फोटो एकेक सरकू लागले. मध्येच भागीबाईंनी हात वर केला.

"थांब. हिचे पाय कुठं हायेत?"

संजना वळणावरून येत होती. एक पाय पुढे, एक मागे, दोन्हींखाली मोकळी हवा. सावलीसुद्धा तिच्यापासून सुटून खाली पडलेली.

"उडी मारली का?"

"नाही मावशी. दर पावलाला असंच होतं. आपल्याला दिसत नाही, इतकंच."

भागीबाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं मी मुलांना पळताना पाहिलं, आणि हे मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुला कळतं का गं, तू वर असतेस ते?"

"कधी कधी," संजना म्हणाली.

"मंग रडत कशापायी व्हतीस? दुखत व्हतं?"

"दुखत होतं. पण रडले ते हरले म्हणून, आये."

भागीबाईंनी लेकीची भरलेली पिशवी पुढे ओढली. मग पिशवीतला टॉवेल काढून त्यांनी खाटेवर टाकला.

"परत कवा पळणार?"

"संध्याकाळी सराव आहे."

"मंग बघून जाते."

संध्याकाळी त्या मैदानाच्या कडेला बसल्या. संजना पहिली फेरी घेऊन जवळ आली, तशा त्या कोपरावर टेकून पार खाली वाकल्या, गाल मातीला लागेपर्यंत, आणि लेकीच्या पावलांखालून पलीकडचं काही दिसतं का ते बघू लागल्या.