चिबडाचा वास

चिबडाचा वास आला की आपल्या मुरबाडच्या ओसरीवरचं ते संगणकाचं टेबल आठवतं, मुलांनो. शेजारीण पदरात पिकलेला चिबूड घेऊन आली होती. "दुबईला पोराला लिवा बाय. बापाला लय बरं नाय, लगेच ये." मला मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून मी इंग्रजीत मेल लिहू लागले. 'वडील आजारी आहेत' एवढं लिहिताच संगणकाने फिकट अक्षरांत पुढचं सुचवलं: 'काळजी करू नकोस, सवडीने ये.' तिच्या बोलण्यापेक्षा ते मला सभ्य वाटलं. मी तेच राहू दिलं. "सांगितला तसाच लिवलाव ना?" तिने विचारलं. मी मान डोलावली. मुलगा सवडीनेच आला, बापाच्या बाराव्याला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. आज पुन्हा चिबूड ठेवून म्हणाली, "तुमी लिवलाव म्हनून तरी आला." तो चिबूड अजून मला कापवलेला नाही.