बागेचा सौदा आणि ओल्ड विसल

मी आयुष्यात फुटबॉलला एकदाही पाय लावलेला नाही, तरीही फुटबॉलनेच माझ्या सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेचा सौदा माझ्या हातून घालवला. यात माझी काहीही चूक नव्हती. हे आमच्या घरात कोणालाच पटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सेलूला माझं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. सायकलच्या कॅरिअरवर प्लास्टिकच्या बादल्या लादून गावोगाव विकण्यापासून मी सुरुवात केली. कोणी मदत केली नाही. (केली असती तर मी तीही थोडी वाढवून मागितली असती.) घासाघीस हा माझा धंदा नाही, प्रकृती आहे. देवळात अभिषेकाची पावती फाडायला गेलो की पुजारी देवाच्या आधी मलाच हात जोडतात.

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आष्टीला बाग आहे. संक्रांत झाली की मृग बहाराची फळं झाडावरच विकत घ्यायला नागपूरचा शेठ येतो. सौदा करायची रीत जुनी. दोघांचे हात दुपट्ट्याखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला काही कळता कामा नये. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून तो हात माझा. दोन तास मी भांडायचो. मध्येच उठायचो, चप्पल घालायचो, फाटकापर्यंत जायचो, परत यायचो. सगळं सासर ओसरीवर बसून बघायचं. इतर जावयांना सासरी कपडे मिळतात, मला ते दोन तास मिळायचे. त्या दोन तासांत त्या घरात माझ्यापेक्षा मोठा माणूस नसायचा.

हे बघवलं नाही ते माझ्या साडूला. प्रकाशराव वर्ध्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. माणूस सरळ आहे, हाच त्याचा दोष. एका दिवाळीला फराळ करता करता तो म्हणाला,

"मामाजी, भाव काढाची एक शास्त्रीय पद्धत असते. भाऊजींचं म्हणजे कसं, नुसता आवाज आहे."

माझ्या हातातली चकली मोडली. (मी मोडली.)

"आवाज? अहो प्रकाशराव, तुमी तं भाजीवाल्याले पैसे देऊन वरून थँक्यू म्हणता!"

"आकडे खोटं बोलत नाईत, भाऊजी."

"मंग ते बाजारात कायले येतीन?"

इथे मामाजींनी शिट्टी वाजवली. मामाजी निवृत्त पीटीचे मास्तर. शिट्टी अजून गळ्यात असते, जेवतानासुद्धा. दर शनिवारी संध्याकाळी केबलवर विलायती फुटबॉल बघणं हा त्यांचा एकमेव नाद. आणि नेमका त्याच फुटबॉलचा इंटरनेटवरचा एक खेळ प्रकाशरावांनी त्यांना आदल्या दिवशी समजावून सांगितला होता.

खेळ असा. खेळाडू खरे, टीम खोटी. ठरावीक रकमेत आपण खेळाडू निवडायचे. ते शनिवारी मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. दर आठवड्याला एखादा बदलता येतो, जास्त बदलले तर गुण कापतात. आणि असा घरबसल्या खेळणारा जो कोणी, त्याला म्हणायचं मॅनेजर.

मामाजींनी निकाल दिला. "संक्रांतीपर्यंत ज्याचे गुण जास्त, तो यंदा बाग विकन. माल ओळखणं, वेळेवर घेणं, वेळेवर सोडणं. दुसरं काय असते धंद्यात?"

"दोघंच काऊन?" माझी बायको कुंदा आतून म्हणाली. "माझी बी टीम करा."

सगळे हसले. प्रकाशरावांनी मोठ्या मनाने विचारलं, "कोणते खेळाडू टाकू, ताई?"

"जे रोज खेळतात आणि आजारी पडत नाईत, ते."

आम्ही पुन्हा हसलो. प्रकाशरावांनी वर्ध्याला गेल्यावर तिची टीम भरून टाकली आणि कुंदा ती विसरून गेली.

सेलूत बबलूचं सायबर कॅफे होतं. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. इंग्रजी वाचायला, बटणं दाबायला बबलू आणि डोकं माझं, अशी आमची वाटणी. पहिल्याच दिवशी बिनसलं.

"भाऊ, हा स्ट्रायकर नऊचा आहे."

"साडेआठ लाव."

"भाऊ, ही वेबसाइट आहे."

"मंग मालकाले विचार."

"मालक इंग्लंडमध्ये असन ना!"

"म्हणूनच तं नऊ म्हणून राह्यला. ग्राहक समोर नाई, भीड कोणाची?"

ज्या दुकानात एक दमडी कमी होत नाही त्या दुकानात मी उभा राहत नाही. पण बागेसाठी राहिलो. खेळाडूंची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना आपली नावं दिली. एक होता ढवळ्या, एक तोतरा (तोतरा नव्हता, पण तसा पळायचा), आणि एक जाडजूड सेंटर फॉरवर्ड मैदानात शेतावरून चक्कर मारल्यासारखा फिरायचा, तो पाटील. (सासरीही सगळ्यांच्या तोंडी हीच नावं बसली, वर्ध्यापर्यंत.) सुरुवातीचे आठवडे मी यांना रागाच्या भरात विकले आणि लोभाच्या भरात परत घेतले. दर वेळी गुण कापले गेले. (प्रकाशरावांचेही तेवढेच कापले गेले, पण शास्त्रीय पद्धतीने.)

तेव्हा मी बाजाराचा पहिला नियम आठवला. आपल्याला माल कळत नसेल तर ज्याला कळतो त्याच्या हाताकडे बघावं. बबलू म्हणाला, "भाऊ, याच्यात मोठेमोठे तज्ज्ञ मॅनेजर आहेत. त्यांच्या टीमवर नजर ठेवा." मग आम्ही जगातल्या पहिल्या नंबरच्या मॅनेजरवर नजर ठेवली. आठवडाभर ठेवली. कळलं असं, की त्याने काय बदललं ते शनिवारची मुदत संपल्यावरच दिसतं.

"म्हणजे बाजार उठल्यावर भाव सांगणार? वा रे तज्ज्ञ!"

"मंग असं करू," बबलू म्हणाला, "मुदतीच्या आधी लिहिणारे बी तज्ज्ञ असतात. हा पाहा, ओल्ड विसल."

ओल्ड विसल, म्हणजे जुनी शिट्टी. हा गृहस्थ दर गुरुवारी एक लेख टाकायचा. कोणाला घ्या, कोणाला सोडा, कॅप्टन कोण, सगळं कारणासह. बबलू वाचून मराठीत सांगायचा आणि मी डोळे मिटून ऐकायचो. मला तो दिसायचा. पिकलेल्या मिशा, तोंडात पाइप (माझ्या दुकानातला नव्हे, तंबाखूचा), बाहेर धुकं आणि पायाशी कुत्रा. इतकं शांत, इतकं सभ्य लिहिणारा माणूस आपल्याकडे होत नाही असं मी बबलूला सांगितलं. प्रकाशरावाला याच्या पायाशी बसवलं पाहिजे, असंही सांगितलं.

मी विसलसाहेबांचा शब्द खाली पडू दिला नाही. त्यांनी विका म्हटलं की विकलं, घ्या म्हटलं की घेतलं. गुण वाढू लागले. फक्त एक गोष्ट समजेना. माझे जेवढे वाढत तेवढेच प्रकाशरावांचे वाढत. मी ढवळ्याला काढला की तिकडेही ढवळ्या बाहेर. मी तोतऱ्याला घेतलं की तिकडे तोतरा हजर!

याचा अर्थ एकच होता. प्रकाशराव माझी नक्कल करत होते. शास्त्रीय पद्धत!

पण बातमी फुटत होती कुठून? मी आठ दिवस डोळे उघडे ठेवले. कुंदा रोज दुपारी वर्ध्याला तिच्या बहिणीशी, म्हणजे प्रकाशरावांच्या मंदाशी, फोनवर बोलायची. साबुदाण्यापासून सुरू व्हायचं आणि माझ्यावर संपायचं. मला फार आनंद झाला. ज्या नळातून गळती आहे तो नळ सापडला की मग त्यातून काय सोडायचं ते आपल्या हातात असतं.

पाटलाच्या पायाला प्लास्टर होतं. दोन महिने तो मैदानात नव्हता, म्हणून त्याचा भाव पडला होता. जेवताना मी आवाज बारीक केला.

"कुंदा, कोणाले सांगजो नोको. आपल्या एका गिऱ्हाइकाचा भाचा लंडनमध्ये आहे. तो म्हणे पाटील बरा झाला. या शनिवारी खेळून राह्यला. त्यालेच कॅप्टन करतो मी."

"मले काय करायचं पाटलाशी? भाजी वाढू का?"

भाचा नव्हता. गिऱ्हाईकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन झाला आणि मी दुकानात बसून एकटाच हसलो. संक्रांत जवळ आली होती, हा शेवटचा शनिवार. प्रकाशराव त्या लंगड्याला कॅप्टन करणार आणि बाग माझी.

गुरुवारी बबलूकडे गेलो. बबलू वाचता वाचता थांबला.

"भाऊ! विसलसाहेब म्हणतात, लंडनमधल्या एका खात्रीच्या माणसाकडून बातमी आली. पाटील बरा झाला!"

"काय?"

"कॅप्टन करा म्हणतात. त्याच्या क्लबचे अजून दोन घ्या म्हणतात. गुण कापले तरी चालन म्हणतात."

आता कोणी म्हणेल, इथे तुम्हाला शंका यायला हवी होती. आली ना! मला शंका आली की आपण फार हुशार आहोत. मी खोटं बोलायला गेलो तरी तोंडातून खरं निघतं! लंडनमध्ये खरोखरच असा माणूस होता आणि त्याने नेमकं मी म्हटलं तेच म्हटलं. शिवाय ते इंग्रजीत लिहिलेलं होतं. तीच गोष्ट मी भाजी-भाकरीबरोबर बोललो तेव्हा हलकी वाटत होती, इंग्रजीत फार वजनदार वाटली.

"बबलू, ढवळ्याले विक. तोतऱ्याले विक. एक अजून विक, आणि पाटील अन् त्याच्या क्लबचे दोघं घे!"

"भाऊ, गुण कापतीन..."

"कापू दे. पाटील कॅप्टन!"

शनिवारी सगळे आष्टीला जमलो. मामाजींनी टीव्ही लावला. तिळाचे लाडू फिरले. प्रकाशराव माझ्याकडे बघून गालात हसत होते, मीही त्यांच्याकडे बघून हसत होतो. खेळाडू मैदानात आले. पाटील त्यांच्यात नव्हता. थोड्या वेळाने कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला आणि मामाजी पुढे वाकले.

"तो कुबड्या घेऊन बसला तो कोण हो?"

पाटीलच होता. अंगावर शाल, हातात कागदाचा पुडा, शांतपणे काहीतरी खात होता. त्याच्या क्लबवर एकामागून एक गोल चढत होते आणि तो प्रत्येक गोलानंतर पुड्यात हात घालत होता.

"भाऊजी!" प्रकाशराव ओरडले. (आकडेवाला माणूस ओरडताना मी प्रथमच पाहिला.) "तुमच्या लंडनवाल्यानं बुडवलं मले!"

"तुमाले काऊन? मी बुडलो ना! मले तं त्या ओल्ड विसलनं बुडवलं!"

प्रकाशरावांचा लाडू तोंडापाशी थांबला.

"तुमी... ओल्ड विसल वाचता?"

"दर गुरुवारी. देवमाणूस आहे तो. होता."

"भाऊजी, तो मी आहो."

"कोण?"

"ओल्ड विसल. मामाजींच्या शिट्टीवरून नाव सुचलं. इंटरनेटवर टोपणनावानं लिहितो मी. मंदानं तुमच्या लंडनच्या माणसाचं सांगितलं, तं मले वाटलं बातमी पक्की आहे."

पिकलेल्या मिशा, धुकं, कुत्रा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्या जागी वर्ध्यातलं दोन खोल्यांचं क्वार्टर आलं. मी दोन महिने प्रकाशरावाच्या पायाशी बसलो होतो! आणि शेवटी मी उडवलेली अफवा त्याने शुद्ध इंग्रजीत मलाच परत विकली होती. पुऱ्या भावात.

सकाळी बबलूला फोन लावला.

"भाऊ, तुमी दुसरे. प्रकाशराव बी दुसरे."

"दोघं दुसरे कसे बे?"

"सारखेच आहेत ना गुण. पहिल्या वहिनी."

कुंदाच्या टीममध्ये दिवाळीपासून एकही बदल झाला नव्हता. तिचे लोक रोज खेळत होते आणि आजारी पडत नव्हते. त्यांचे गुण कधी कापले गेले नाहीत. मामाजींनी शिट्टी वाजवली आणि विषय संपला. मी गुणांवर थोडी घासाघीस करून बघितली, पण त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली.

नागपूरचा शेठ त्याच आठवड्यात आला. या वेळी आणखी दोन व्यापारीही बाग बघायला आले होते. शेठने सवयीने दुपट्टा पुढे केला. कुंदा म्हणाली, "मी कोणाच्या दुपट्ट्यात हात घालत नाई. तोंडानंच सांगते." आणि तिने भाव सांगितला. मोठ्याने, सगळ्यांसमोर. शेठने त्या दोघांकडे बघितलं, त्यांनी बागेकडे बघितलं, एकाने घसा खाकरला, आणि शेठ घाईघाईने म्हणाला, "मंजूर, बाई." चहाला उकळीसुद्धा आली नव्हती. मी चप्पल शोधत होतो तोवर सौदा झाला. भाव माझ्या कोणत्याही वर्षापेक्षा वर होता.

मी शेठला फाटकापाशी गाठलं. "शेठ, मले इतका भाव कधी काऊन नाई दिला?"

"भाऊसाहेब, बुरा मत मानना," तो प्रेमाने म्हणाला. "तुमच्यासाठी आमी दरसाल अलग भाव आणत होतो."

"अलग म्हणजे?"

"खालचा. तुमाले चढवाचं समाधान पायजे ना! दोन घंटे भांडून तुमी जिथं आणत, तिथून बी आमचा असली भाव बराच वर राहे."

माझं रक्त उसळलं. एवढ्या वर्षांचं काहीतरी वसूल झाल्याशिवाय मी त्याला सोडणार नव्हतो. मी म्हटलं, निदान एक पेटी संत्री तर टाक! तो म्हणाला, सौदा झाला, फळ आता माझं, पैसे लागतील. बस, मग मी पेटलो. त्याच्या तोंडाला फेस आणला. दोनदा चप्पल घातली, दोनदा परत आलो, आणि शेवटी त्याने सांगितलेल्या किमतीच्या अर्ध्यात पेटी सोडवली.

पेटी खांद्यावर घेऊन मी ताठ मानेने ओसरीवर आलो. मामाजींनी पेटीकडे बघितलं, मग समोरच्या झाडांकडे बघितलं.

"आपल्याच बागेची विकत आणली, जावईबापू?"

"हो," मी म्हटलं, "पण भाव पाडून."