ओटी भरली आणि काम राहिलं

काम सोडायचं मी ठरवलं ते छातीतल्या गाठीमुळे. पण कारखान्यात सांगितलं, मुलगी बाळंत व्हायची आहे. खोटं बोलायची मला सवय नाही. पण गाठ कुठे आहे हे चारचौघांत सांगायला माझी जीभ उचलेना.

आमचा कारखाना शर्टांचा. मी नऊ वर्षं कॉलर लावत होते. हुबळीच्या कमरीपेठेतून सकाळची बस धरायची, जाऊन मशीनवर बसायचं, संध्याकाळी परत. लाइनीतल्या बायका म्हणायच्या, "हिची मशीन बोलते तेवढीसुद्धा ही बोलत नाही."

विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे सांगितलं, ऑपरेशन, मग औषधं, सगळं धरून सात-आठ महिने. लवकर आलात, बरं होईल. बरं होईल हे मी ऐकलं, पण मनात घोळत राहिले ते सात-आठ महिने. एवढे दिवस कोण जागा ठेवणार? सगळ्यांसमोर काढून टाकतील, त्यापेक्षा आपणच निघावं. घरी यांना विचारलं तर म्हणाले, "तुला झेपेल तसं कर." तेही माझ्यासारखेच, बोलायला कमी.

विम्याचं कार्ड मी पाकिटात जपून ठेवलं होतं. माझ्या पाकिटात आहे म्हणजे माझं, असं मी समजत होते. नोकरी गेली तर ते कार्डही जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. म्हणून काम सोडायचा अर्ज माझ्या पुढच्या मशीनवरच्या अक्कानं लिहून दिला. जुन्या हुबळीतली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आवाज असा की पंखे चालू असतानाही शेवटच्या मशीनपर्यंत पोचावा. मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. लिहिताना दोनदा म्हणाली, "तंगी, बाळंतपणाला दोन महिन्यांची रजा घे की. सोडतेस कशाला?" मी मान हलवली. अर्ज ऑफिसात दिला. शनिवार माझा शेवटचा दिवस ठरला.

आमच्या लाइनीत कुणी बाई काम सोडून निघाली की तिची ओटी भरतात. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मला कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं. अक्कानं कुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण पदरात घातला. सगळ्या भोवती उभ्या.

"बघा बघा, आजी होणार आणि लाजते नवरीसारखी!"

"नातवाला तुझा स्वभाव नको गं देवा. भूक लागली तरी रडायचा नाही."

मीही हसले. मग त्यांनी एक पुडी माझ्या हातात ठेवली. उघडली तर आत निळ्या पट्ट्यांचं टोपडं. शर्टांच्या उरलेल्या कापडाचं, चौघींनी मिळून शिवलेलं, आणि कड मी कॉलरला घालते तशी, बारीक टीप घातलेली. माझ्या मुठीत मावेल एवढंसं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मुलीला दिवस नाहीत."

मग मागून एकीनं विचारलं, "मग कुणाला आहेत? तुला?"

यव्वा! असा हशा उसळला की सुपरवायझर डोकावून गेला. मी हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. अक्कानं माझं तोंड बघितलं, बाकीच्यांना हातानं थांबवलं आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला. मी कानात सांगितलं.

तिनं माझ्या पदरातली ओटी सावरली. मग म्हणाली, "आणि काम सोडून औषधपाणी कुठून करणार आहेस?"

"कार्ड आहे की."

"अगं खुळे! काम सोडलंस की थोड्या दिवसांत ते कार्ड बंद. मला क्षय झाला होता तेव्हा मी पाच महिने घरी होते. विम्याच्या दवाखान्यातला आजारपणाचा दाखला दर वेळी इथे पोचवायचे. त्या दिवसांत कामावरून काढता येत नाही. अर्धाअधिक पगारही विम्यातून मिळाला. ऊठ!"

पदरात ओटी तशीच धरून मी तिच्यामागून ऑफिसात गेले. कामगारांचं बघणारे साहेब डबा खात होते.

"साहेब, हिचा अर्ज परत द्या."

"का? सोमवारी वर पाठवणार होतो."

"हिला आजार आहे. कुठला ते दाखल्यात येईल. तुम्ही विचारू नका, ही सांगणार नाही."

साहेब माझ्याकडे न बघता कॅलेंडरकडे बघू लागले. तेही लाजले असावेत. मग ड्रॉवरमधून अर्ज काढला आणि हळूच म्हणाले, "बाई, अजून तुमचं नाव पटावर आहे. दाखला चुकवू नका, बाकी मी बघतो."

अक्कानं अर्ज घेतला. "माझं अक्षर आहे, मीच फाडते," म्हणाली आणि चार तुकडे केले.

बाहेर बायकांपुढे नवाच प्रश्न. ओटी भरून झाली, आणि बाई तर राहिली! भरलेली ओटी परत कशी घ्यायची? शेवटी ठरलं, आजार निघून जावा म्हणून भरली. नारळ तिथेच फोडून सगळ्यांनी खाल्ला.

ऑपरेशन झालं, औषधं झाली. वाईट दिवस पुष्कळ होते, पण औषध थांबलं नाही. दाखला अक्का बसस्टॉपवर यांच्याकडून घेऊन ऑफिसात पोचवायची. माझे केस गेले तेव्हा एका रविवारी सगळ्या रिक्षा करून घरी आल्या, त्याच निळ्या पट्ट्यांच्या कापडाची, माझ्या डोक्याच्या मापाची टोपी घेऊन. मी घालून आरशात बघितलं, तर हे दारातून म्हणाले, "शर्टाला शोभेल अशी आहे." एवढं मोठं वाक्य आणि तेही सगळ्या बायकांसमोर! त्या दिवशी आमच्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं मुलीच्या लग्नातही झालं नव्हतं.

नवव्या महिन्यात मी कामावर गेले. दारात हजेरीचं मशीन, त्यावर बोट ठेवायचं. ठेवलं, तर लाल दिवा. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. औषधानं बोटांची साल गेली होती, नवी कातडी आलेली. नाव काढलं की काय? मागे रांग खोळंबली. साहेब आले, संगणकात बघितलं आणि म्हणाले, "नाव आहे हो बाई, जिथल्या तिथे आहे. बोट तेवढं नवं आहे."

त्यांनी नवं बोट नोंदवलं. हिरवा दिवा लागला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "चल गं लवकर, कॉलरींचा ढीग पडलाय!"

"आले, आले," मी म्हटलं, आणि धावतच आत गेले.