धाप

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी कामगार चळवळीची पत्रकं आली. त्यामुळे दादा बोईसरच्या कारखान्यात ट्रकवर ड्रम चढवायला लागला आणि रोज पांढराफटक होऊन घरी येऊ लागला, तेव्हा मीही पत्रकच लिहिलं.

दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती तिथे कुणी घेतच नाही. सगळे ती शेवटाला जोडतात, अर्धा तास आधी सुटतात आणि पालघरची लवकरची बस धरतात. ही सोय कामगारांनीच मुकादमाकडून मागून घेतलेली. माझा संताप होतो तो इथे.

मी लिहिलं होतं: आपण नुसते बसलो तरी हृदय, मेंदू, यकृत चालूच असतात. त्यांच्या पेशी ऑक्सिजनच्या मदतीने साखर आणि चरबी सावकाश जाळून शक्ती काढतात. ड्रम ढकलताना मात्र स्नायूंना एवढी शक्ती एकदम लागते की ऑक्सिजन पुरत नाही. मग पेशी साखर अर्धवटच फोडतात. शक्ती झटपट मिळते, पण थोडी. थांबल्यावरही धाप लागते, ती याच्या भरपाईची. म्हणून मध्ये बसा.

फाटकापाशी ट्रक भरत होता, तिथेच मी पत्रकं वाटली. मुकादमाने पहिल्याच ओळी मोठ्याने वाचल्या.

"बसलं तरी शक्ती जळते, असं तूच लिवलंय ना, ताई? मग फुकट कशाला जाळायची? ड्रम उचलून जाळा!"

सगळे हसले. दादाही.

"पुढचं वाचा की!" मी ओरडले.

"आमच्या पेशींना भरपाई हाय, पण बस चुकली तर घरी कोण नेणार?" डोंगराकडून आलेला एक म्हातारा हमाल हातातल्या पत्रकाचा शेवट वाचून म्हणाला. पुन्हा हशा.

"दादा, तू तरी बस ना जरा."

"बसमध्ये बसेन. जा तू, उगाच तमाशा नको."

मी गेले नाही. सुटल्यावर त्याला बसची पायरी चढवेना. दोघा हमालांनी दंडाला धरून त्याला वर ओढलं. सीटवर त्याची छाती भात्यासारखी हलत होती, तरी हसून म्हणाला, "बघ, मिळाली ना लवकरची!"

मी तरातरा ड्रायव्हरकडे गेले. "ही बस रोज अर्धा तास उशिरा सोडली तर काय बिघडेल?"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लोगही जल्दी माँगते हैं, मॅडम."