बसा की, फादर

फादरांना निवांत बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. आमच्या किराणा दुकानासमोरच्या बाकड्यापाशी यायचे, झगा घामाने पाठीला चिकटलेला, आणि आधी जाहीर करायचे, "आज बसणार आहे बरं का. पाय गेले माझे." अप्पा, म्हणजे माझे वडील, फडक्याने बाकडं झटकायचे. "बसा की फादर, कोण उठवायलंय तुमाला?" तेवढ्यात कुणाची तरी सासू अंथरुणाला खिळल्याचा निरोप यायचा आणि फादर निघायचे. चहासुद्धा उभ्यानेच.

ते मूळचे वसईकडचे, मठातले संन्यासी. तपकिरी झगा आणि कमरेला तीन गाठींची पांढरी दोरी, म्हणून गावाने त्यांना दोरीवाले फादर करून टाकलं. झरीच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या कडेला पत्र्याचं लहानसं चर्च आणि त्याला टेकून त्यांची खोली. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी सकाळी इथली मिस्सा उरकून ते भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून पाथरीला जायचे, तिथल्या मोजक्या माणसांसाठी पुन्हा तीच प्रार्थना म्हणायला. कंटाळा येत नाही का, असं मी एकदा विचारलं. "येतो की! देवालाही येत असेल, माझ्या आवाजाचा," म्हणाले.

आजारी माणूस ख्रिस्ती असला की ते त्याच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करायचे. बाकीच्यांकडे गेले की खिशातून नेलकटर काढायचे. "माझी प्रार्थना तुम्हाला चालायची नाही, पण नखं कापलेली चालतील ना?" अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला औषध सगळे देतात, नखांकडे कुणाचं लक्ष जात नाही. फादर पाय मांडीवर घ्यायचे, नखं कोमट पाण्याने भिजवायचे आणि त्याच्या तक्रारी ऐकत एकेक बोट करायचे. गावात असं घर सापडायचं नाही, जिथं त्यांनी कुणाची नखं कापली नाहीत.

दोरीच्या गाठींबद्दल आईने त्यांना एकदा विचारलं होतं. एक गाठ गरिबीची, एक ब्रह्मचर्याची आणि तिसरी आज्ञा पाळण्याची. "पहिल्या दोन अंगवळणी पडल्या हो," ते म्हणाले, "ही तिसरी काचते." कसं काचते ते आम्ही पुढे पाहिलं. वरून बदलीचा हुकूम आला तसे ते एक कापडी पिशवी घेऊन सकाळच्या एसटीत बसले. काही वर्षांनी पुन्हा हुकूम आला, तसे परत आले. थकून आले. मला तर तेव्हा त्या मठाचा रागच आला होता.

त्यानंतर अप्पा गेले. शेवटच्या आजारात त्यांची नखं फादरच कापायचे. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन रुद्रभूमीत खड्ड्यात बसवतात. फादर एका कडेला उभे राहून सगळं बघत होते. परतताना हळूच म्हणाले, "बसवून पाठवता. किती बरं आहे. आमच्यात आडवं करतात."

मग त्यांचाही नंबर आला. खाट धरली. मी रोज पेज घेऊन जायचो. एके दिवशी म्हणाले, "मला इथंच राहायचंय रे. पण आमच्यातले सगळे औरंगाबादला, मठाच्या जागेत पुरतात. मी मागणार नाही. ती तिसरी गाठ." मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना मागता येत नसंल. आपल्याला येतं की."

फादर गेले त्या दिवशी मठाचे प्रमुख शववाहिका घेऊन आले. आई झगा घातलेल्या त्या मोठ्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "फादरला नेऊ नका. आमच्या रुद्रभूमीत जागा हाय."

"त्यांनी कधी असं काही सांगितलं नाही हो," प्रमुख म्हणाले.

"त्यांनी जन्मात काय मागितलंय? आमी मागायलोत."

प्रमुखांनी बाजूला जाऊन बराच वेळ फोन केला. आमच्या समाजातलं कुणीतरी हरकत घेईल म्हणून मी धास्तावलो होतो. पण हरकत कुणीच घेतली नाही, प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी फादरांच्या मांडीवर पाय ठेवून गेलेलं. प्रमुख परत आले आणि एवढंच म्हणाले, "चला. जागा दाखवा."

आमच्या लोकांनी खड्डा आधीच खणून ठेवला होता, अप्पांच्या शेजारीच. प्रमुखांनी वाकून पाहिलं आणि ते चक्रावले. खड्डा खोल होता, चौकोनी होता, माणूस मांडी घालून बसेल एवढाच. खणणाऱ्यांचा हात पिढ्यान्‌पिढ्या तेवढ्याच मापाला सरावलेला. फादर झोपणार आहेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खणणारा बसप्पा ओशाळून म्हणाला, "चुकलंच की. आता लांब करतो." काळी माती चिवट. प्रमुखांनी झगा खोचला आणि तेही फावडं घेऊन उतरले. उन्हात सगळे पार दमून गेलो.

आता जागा अशी आहे, की अप्पा बसलेत आणि शेजारी फादर आडवे झालेत. बेलपत्र वाहायला गेलो की आई दोन्हीकडे वाहते. परवा तिथंच टेकली, गुडघे चोळत राहिली आणि त्या लांब ढिगाऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांनी जन्मभर बसा, बसा म्हणून बोलावलं. आले ते थेट झोपायलाच."