बाराऐवजी दहा महिन्यांचं भाडं

आईचे गुडघे गेले तेव्हा मी कोरपन्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. आईने गोंडपिपरीच्या बाजारात तीसेक वर्षं तलावातली मासोळी विकली होती. आता टोपली उचलवत नव्हती, आणि दरमहा माझ्याकडून पैसे घेणं तिच्या जिवावर येई. "पोरीच्या हाताकडं पाहाव लागते," असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. तिच्या हक्काचं काही दर महिन्याला येत राहावं, असं मी तेव्हाच ठरवलं.

चंद्रपूरला एका दलालाने फ्लॅट दाखवला. लिफ्ट होती, गॅलरीत भरपूर वारा होता. खरं सांगायचं तर 'चंद्रपूरला माझा फ्लॅट आहे' हे वाक्य मी मनातल्या मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. सगळं धरून अठरा लाख. नऊ माझ्याजवळ होते, नऊचं कर्ज काढायचं होतं.

"सात हजार भाडं कुठी जात नाई, ताई," दलाल म्हणाला. "वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. अन् फ्लॅटचा भाव वाढते तो वेगळाच."

बसस्टँडवर गाडीची वाट बघताना मी आईला फोन करून आनंदाने तोच आकडा सांगितला. तिने विचारलं,

"खोली बाराही महिने भरून राह्यते का?"

"राहील ना, माय."

"नेलेली सारी मासोळी रोज खपते का? दोन दिवस टोपली तशीच घरी येते. तू दहाच महिने धर."

दहा महिन्यांचे सत्तर हजार. त्यातून सोसायटीचे पैसे, घरपट्टी, रंग-दुरुस्ती असे मिळून वर्षाचे सोळा हजार वजा केले. उरले चोपन्न हजार. अठरा लाखांवर चोपन्न, म्हणजे शंभराला तीन रुपये. बँकेत ठेवले तरी जास्त मिळाले असते. कर्जाचं व्याज होतं शंभराला नऊ; नुसतं व्याजच वर्षाला एक्क्याऐंशी हजार. आईला भाडं मिळणं दूरच, मलाच पगारातून भर घालावी लागली असती. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं.

तीन-चार महिन्यांनी कोरपन्यातच तीन खोल्यांचं एक बैठं घर विकायला निघालं. दिसायला काहीच नाही. पत्र्यावर सिमेंटची धूळ. या वेळी मी मालकाआधी तिथल्या एका भाडेकरणीला भेटले. तिचा नवरा सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता.

"खोली खाली राह्यते का, बाई?" मी विचारलं.

"आमी सोडली का आठ दिवसात दुसरं कोणी येते. पर उन्हाळ्यात पाण्याचे लय हाल हायेत."

रजिस्ट्री आणि बोअरची नवी मोटर धरून नऊ लाख होत होते. एका खोलीचे अडीच हजार, तिन्हींचे साडेसात. दहा महिने धरले, वर्षाच्या खर्चाचे बारा हजार काढले. त्रेसष्ट हजार उरत होते. शंभराला सात, आणि कर्ज शून्य. घर आईच्या नावावर घेतलं.

पहिल्या वर्षी हिशोब बरोबर उतरला नाही. आठ दिवसांत कोणी येईल म्हटलेली एक खोली पाच महिने रिकामी राहिली, पावसात भिंत ओलावली, खर्च एकोणीस हजारांवर गेला. तरी साडेअठ्ठावन्न हजार हाती आले. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते.

"काऊन तोंड पाडून बसली?" आईने विचारलं.

"सात धरले होते, साडेसहाच पडले, माय."

"मंग पुढच्या साली भिंत पह्यले कर," ती म्हणाली.

आता भाड्याच्या तारखेला ती स्वतः एसटीने कोरपन्याला येते. भाडेकरणीकडे चहा घेते, भिंतीवरून हात फिरवून ओल बघते. मागच्या महिन्यात परत जाताना तिने मला साडी घेऊन दिली. दुकानदाराशी घासाघीस केली आणि मला पर्स उघडू दिली नाही.