पाच मिनिटांचे व्याही

जगातली कुठलीही गोष्ट पाच मिनिटांत सांगून होते, आणि जी होत नाही ती सांगण्यासारखीच नसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि नेमकी त्याच्याच घरात मी मुलगी दिली. आमचे व्याही डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर माणसं जशी योगासनांना किंवा बागकामाला लागतात तसे ते भाषणांना लागले. म्हणजे साधी भाषणं नव्हेत. कल्याणला, ठाण्याला हौशी मंडळी जमतात, प्रत्येक वक्त्याला पाचच मिनिटं मिळतात, मागे पडद्यावर चित्रं आपली आपण बदलत राहतात आणि वक्त्याने त्यांच्या मागे धापा टाकत पळायचं, अशातली ती भाषणं. चित्र कुणासाठी थांबत नाही, हाच त्यातला थरार असतो म्हणे.

मला या प्रकाराची ओळख लग्नाच्या बोलण्यांतच झाली. आम्ही टेंभी नाक्यावरून मिठाईचा पुडा घेऊन, जरा दबकतच त्यांच्याकडे गेलो. विहीणबाईंनी पोहे आणले आणि व्याह्यांनी टीव्हीला लॅपटॉप जोडला. "आमचं मूळ गाव. आमचं कुलदैवत. हा आमचा मुलगा, वय वर्षं चार. हाच मुलगा, रागावलेला. भूक लागली की असा होतो, आधीच सांगून ठेवतो." माझ्या बायकोने मधेच विचारलं, "जेवणाखाण्याचं काय, म्हणजे मांसाहार वगैरे?" तर व्याही हात वर करून म्हणाले, "प्रश्न शेवटी!" शेवटी आम्हाला एकही प्रश्न आठवला नाही. लग्न ठरलं. पोहे तेवढे गार झाले.

विषयांना तोटा नव्हता. डोंबिवलीतल्या गटारांची झाकणं, शहाडच्या पुलाखालचे बगळे, टिटवाळ्याच्या नव्या इमारतींची इंग्रजी नावं. विषय कुठलाही असो, व्याह्यांची एक अडचण कायम असायची. माणूस मुळात पाल्हाळिक. एका बगळ्याबद्दल सांगता सांगता त्यांना दुसरा बगळा आठवायचा, आणि तोवर पडदा पुढे निघून गेलेला असायचा. ठाण्याच्या एका सभागृहात ते रंगात येऊन सांगत होते, "याला नीट पाहा. तासन्‌तास हा एका जागी ढिम्म उभा असतो. काही करत नाहीये असं वाटतं, पण सगळं लक्ष माशावर!" आणि मागे पडद्यावर, आभारासाठी शेवटी ठेवलेला, सत्काराचा हार गळ्यात असलेल्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो. सभागृह अक्षरशः लोळलं. खुद्द अध्यक्ष रुमालाने डोळे पुसत होते. खाली उतरल्यावर व्याही मला म्हणाले, "बगळा हा विषयच असा आहे, लोकांना भिडतो." खरं कारण सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यांच्या सगळ्या तालमी घरीच, विहीणबाईंसमोर व्हायच्या. त्या मटार सोलत बसायच्या आणि चित्र बदललं की नुसतं "हं" म्हणायच्या. व्याही त्या "हं"चेही अर्थ लावायचे. "आज झाकणांना तिसरा हं जरा थंड आला, चित्र बदलतो." पुढे पुढे ती सवय इतकी मुरली की एका नातेवाइकाकडे सांत्वनाला गेले असता वारलेल्या माणसाचं बालपण, नोकरी, स्वभाव आणि शेवटचं आजारपण त्यांनी झपाट्याने उरकलं आणि उभं राहून हात जोडून म्हणाले, "धन्यवाद." विहीणबाईंनी त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं.

मग एके सकाळी देवाला फुलं वाहताना विहीणबाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. अर्धांगवायूचा झटका आला होता. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे जीव वाचला, हातपायही सावकाश हलू लागले. पण शब्द गेले. कळायचं सगळं. भाजीत मीठ कमी पडलेलं कळायचं, मी आलेलो कळायचं, हसायच्याही. तोंडाशी शब्द मात्र येत नसे. कल्याणहून एक तरुण डॉक्टरीण बोलणं शिकवायला येऊ लागली. ती म्हणाली, "काका, घरातल्या रोजच्या वस्तूंचे फोटो दाखवा त्यांना. हळूहळू नावं येतील."

व्याह्यांनी उत्साहाने लॅपटॉप उघडला. झाकणं होती, बगळे होते, इमारती होत्या. घरातलं काहीच नव्हतं. मला फोनवर म्हणाले, "व्याही, माझ्याकडे सगळ्या गावाची चित्रं आहेत हो, आणि हिच्या पोळपाटाचं नाही." त्या दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातलं एकेक भांडं ओट्यावर मांडून फोटो काढले. विहीणबाईंचा चष्मा, झोपाळा, कुंडीतली तुळस. आणि सवयीने चित्रं आपोआप बदलतील अशी बसवली. पहिलं चित्र पुढे सरकलं, दुसरं सरकलं, तशा विहीणबाई हात पुढे करून "अं, अं" करायला लागल्या, पडद्याला थांब म्हटल्यासारख्या. डोळे भरून आलेले. व्याह्यांनी ते बदलणं तिथल्या तिथे बंद करून टाकलं.

मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा पडद्यावर पोळपाट होता. बराच वेळ होता. चहा पिऊन झाला तरी होता. न राहवून मी हळूच "पोळ..." म्हणालो, तर व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कप घेऊन मागे सरलो. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "पोळी." व्याही खूश. "पोळी आली ना? मग पोळपाट कुठे जातोय!"

नंतर डॉक्टरीण आली. तिने व्याह्यांचाच फोटो लावला आणि विचारलं, "काकू, हे कोण?"

विहीणबाई बघत राहिल्या. ओठ हलले, मिटले. व्याही गुडघ्यांवर हात ठेवून शाळेतल्या मुलासारखे बसले होते. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "अहो."

"छान!" डॉक्टरीण म्हणाली. "पण नाव सांगा ना काकू. पूर्ण नाव."

"पूर्णच आहे ते," व्याही म्हणाले.

विहीणबाईंनी पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली आणि पुन्हा म्हणाल्या, "अहो."

"ओ," व्याही म्हणाले.